अडॅप्टर उघडलाय? आधी बोर्डावरची अक्षरं वाचा

सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर खोलला की नुसत्या आकारावरून पार्ट ओळखू नका, बोर्डावर शेजारी छापलेलं अक्षर बघा, आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर, एफ फ्यूज. निळी चकती दिसली की सगळे कपॅसिटर म्हणतात, पण फ्यूजजवळ असेल तर ती बहुतेक एमओव्ही असते, व्होल्टेज वाढलं की सर्किट वाचवणारी. आणि तो मोठा 400 व्होल्टवाला गोल कपॅसिटर, प्लग काढल्यावरही त्यात 300 च्या वर डीसी व्होल्टेज राहू शकतं, मल्टीमीटर लावून बघितल्याशिवाय हात लावू नका, खरंच जिवावर बेततं. त्याच्या अंगावरची पट्टी म्हणजे मायनसची बाजू. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात असे गोल कपॅसिटरच आधी फुगतात, त्यामुळे नव्या पेठेत नवीन घ्यायला गेलात तर 85 नको, 105 डिग्रीपर्यंत तापमान सोसणाराच मागा.