माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलंय? या चुका टाळा

शेवाळ दिसलं रे दिसलं की औषधाची बाटली उघडू नका. आधी ते नेमकं काय आहे ते ओळखा, कारण एकाला मारणाऱ्या उपायाने दुसरं फोफावतं.

नव्या टाकीत सुरुवातीच्या आठवड्यांत वाळूवर बसणारी तपकिरी भुकटी बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाची असते. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ती आपोआप जाते. लाल-जांभळा थर पापुद्र्यासारखा सोलून निघाला तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे पसरणारे जीवाणू. तपकिरी, चिकट धाग्यांत बुडबुडे अडकलेले दिसले, तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा (थोडक्यात ‘डायनो’) संशय घ्या. खात्रीसाठी थोडा चिकटा टाकीच्या पाण्यासह बाटलीत भरून जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले तर डायनोच समजा.

इथेच बहुतेकांचं चुकतं. पाणी ‘स्वच्छ’ करायला ते आणखी पाणी बदलतात, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहऑक्साइडचे दाणे) वाढवतात. पण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की डायनोंचं आयतंच फावतं. जीएफओ काढून टाका. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दशलक्षांश भाग) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या आसपास टिकवा.

हिरव्या केसाळ शेवाळाचं गणित वेगळं. टेस्ट किट शून्य दाखवतं म्हणून निर्धास्त राहू नका. फॉस्फेट येतंय, पण शेवाळच ते आधी खाऊन टाकतंय. दगड टाकीतच घासला तर तुटलेले तुकडे सगळीकडे रुजतात. तो बाहेर काढा, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा आणि ते पाणी फेकून द्या. मग जीएफओ सुरू करा, पण निम्म्या मात्रेने. फॉस्फेट एकदम कोसळलं तर प्रवाळ दगावतात. दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे काही महिने धीर धरावाच लागतो. आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 0 हवा. आकडा वर सरकला की फिल्टरमधलं रेझिन (क्षार शोषणारे दाणे) बदला.

तीन दिवस दिवे बंद ठेवणार असाल तर स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) चालूच ठेवा, पृष्ठभागावर पाणी जास्त खळबळू द्या. मरणारं शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासे गुदमरतात.

गोगलगायी मात्र शेवटी सोडा. लांब वाढलेल्या केसांना त्या सहसा तोंड लावत नाहीत; घासून उरलेले खुंट फस्त करतात.