तान्हं बाळ घरात असताना कॉमिक चालू कसं ठेवायचं

"बाळ झोपलं की काढत जा ना" असं जो सांगतो त्याने एकतर बाळ झोपवलेलं नसतं किंवा इंकिंग, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईची पक्की रेघ, केलेलं नसतं. पहिले तीन महिने बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, ऐकायला मस्त वाटतं, पण झोपतं ते तुकड्यातुकड्यात, दर दोन-तीन तासांनी दूध, मग ढेकर, मग लंगोट, मग परत थोपटणं, आणि या सगळ्यातनं हाताला लागतो तो कधी पाऊण तास तर कधी दहा मिनिटं. किती मिळणार ते आधी कळत नाही, खरी चिडचिड त्याची होते. त्यामुळे "या कामाला वेळ किती लागेल" हे सोडून द्या आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा, हे मधेच टाकून उठले तर काय बिघडेल?

ज्यात काहीच बिघडत नाही ती कामं म्हणजे थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा), संवाद, चौकटी आखणं, पेन्सिल, आणि टॅबवर काढत असाल तर फ्लॅट, म्हणजे छटा न देता सपाट, रंग भरणं. ही तुकड्यांमध्ये टाका. संवाद तर बाळ खांद्यावर असताना पण होतात, फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग लावा आणि हळू आवाजात बोला, शुद्धलेखनाची वाट लागते पण जोक सुटत नाही. नाहीतर रात्री सुचलेली भारी लाइन सकाळी आठवते का बघा.

ज्यात बिघडतं ती वेगळी ठेवा. वॉटरकलरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्धा टाकून उठलात की कडा वाळून डाग पडणार. टाकाची निब शाईसकट तशीच राहिली की शाई घट्ट बसणार. अल्कोहोल मार्करचं ब्लेंडिंग ओलं असतानाच करावं लागतं. ही कामं घरात दुसरं माणूस असेल आणि बाळाची जबाबदारी पूर्ण त्याच्याकडे असेल तेव्हाच, दार लावून. "बघतो ना मी" म्हणणारा बाबा दर पाच मिनिटांनी येऊन "अगं लंगोट कुठेय" विचारणार असेल तर ते बघणं धरू नका. (बाबा लोकांनो, तुमच्यातला कोणी चित्रकार असेल तर हेच उलटं तुम्हाला लागू, आधी बाळंतिणीची झोप, मग तुमचं इंकिंग.)

सामान कमी करा. शाईची बाटली हे वर्षभर कपाटात. दोन-तीन पिगमेंट लायनर, म्हणजे पक्क्या शाईची बारीक टोकाची पेनं, घ्या, ०.१, ०.३ आणि ०.५ पुरतात, आणि एक ब्रश पेन. टोपण लावलं की काम संपलं. कागद ए५, पाठीला क्लिपबोर्ड, सगळं एका ट्रेमध्ये, कारण रबर शोधण्यात पाच मिनिटं गेली तर दहातली पाचच राहतात. मार्कर आणि फिक्सेटिव्ह स्प्रे (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारतात तो) बाळाच्या खोलीत नको, स्प्रे तर गॅलरीतच.

आता गोष्टीबद्दल. दोनशे पानांची ग्राफिक नॉव्हेल सध्या नको, खरंच नको. चार चौकटींची स्ट्रिप धरा. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शुल्झची पीनट्स ही स्ट्रिप १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या चौकटी मुद्दाम एकाच मापाच्या होत्या, म्हणजे पेपरवाल्यांना ती आडवी, उभी किंवा दोनावर दोन अशी जागेप्रमाणे लावता यायची. आपल्याला हे आज फारच कामाचं आहे, एकदा काढलं की फोनवर उभं, पोस्टमध्ये चौकोनी, एकेक चौकट सरकवत दाखवायची तर तसंही. शिवाय एक कोरं टेम्प्लेट स्कॅन करून त्याच्या प्रिंट काढून ठेवल्या की आखणीचं काम कायमचं गेलं, आणि तीन आठवडे काही झालं नाही तरी फार तर एक स्ट्रिप अर्धी राहते, अख्खी कथा लटकत नाही.

तीन आठवड्यांवरनं आठवलं, मोठ्या गॅपनंतर आपलंच कॅरेक्टर आपल्याला ओळखू येत नाही, नाक लांबतं, केस बदलतात. कॅरेक्टर शीट काढून ट्रेच्या तळाला चिकटवा. समोरून, बाजूने, पाठमोरं, आणि डोक्याच्या मापात उंची किती ते.

लेटरिंग, म्हणजे चित्रात संवाद लिहिणं, जाम वेळ खातं आणि देवनागरीत जास्तच, वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, ओळी जवळ घेतल्या की एकमेकांत घुसतात. म्हणून आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती संवादाचा फुगा काढा, उलटं केलं की शेवटचा शब्द फुग्याबाहेर जातोच. हाताने जमत नसेल तर कलम किंवा बालू हे फॉन्ट फुकट मिळतात, दोन्हीत देवनागरी नीट आहे. किंवा शब्दच नकोत. शि. द. फडणीसांची किती हास्यचित्रं एका शब्दाशिवाय हसवतात, ती घेऊन बसा आणि बघा, कुठली वस्तू कुठे ठेवलीय त्यावर सगळं चालतं. अर्थात बिनशब्दांचं सुचायला जास्त डोकं लागतं, पण ते डोकं बाळाला थोपटताना पण चालवता येतं.

आता मनगट. हे नीट वाचा, कारण चित्र काढणाऱ्यांना हे डबल बसतं. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून आपण त्याला दिवसभर उचलत असतो आणि काही आठवड्यांत अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ यायला लागते. याला डी क्वेरवेन म्हणतात, अंगठ्याच्या शिरा, म्हणजे खरं तर स्नायुबंध, ज्या अरुंद आवरणातून जातात ते जाड होतं आणि हालचाल घासायला लागते. नवीन आयांमध्ये हे अगदी कॉमन आहे. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच झुकवा, कडेला सणक आली तर शंका घ्यायची. बाळाला उचलताना तळवे वर, एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली, अंगठा बोटांना चिकटलेला. पेनला फोमची जाड ग्रिप लावा, म्हणजे चिमटीत दाबून धरावं लागत नाही, आणि रेघ मनगटापेक्षा खांद्यातनं ओढा. तरी दुखत असेल तर इंकिंग थांबवा आणि ऑर्थोपेडिकला दाखवा, सुरुवातीला बऱ्याचदा पट्टा आणि आराम यावर भागतं. बाम चोळून रेटू नका, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांच्या वेळी पण होतं, बायका बोलत नव्हत्या इतकंच.

रात्री दोनच्या फीडिंगनंतर "आता जागीच आहे तर काढून घेते" हा मोह टाळा. झोपा. त्या वेळची रेघ सकाळी रबराने पुसावीच लागते.

बाळ रांगायला लागलं, साधारण सातव्या-आठव्या महिन्यात, की ट्रे वरच्या फळीवर. टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या, जी वस्तू तिच्यातून आरपार पडते ती घशात अडकू शकते. पेनची टोपणं, निब, रबराचे तुकडे सगळं त्यात बसतं. बऱ्याच पेनांच्या टोपणाला भोक असतं ते हवा जायला जागा राहावी म्हणून, पण त्याच्यावर भरवसा ठेवून सोडू नका. कटर तर सांगायलाच नको. रिमोट किंवा लाइटमधला बटण सेल गिळला अशी नुसती शंका आली तरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

बाळ स्ट्रिपमध्ये आणायचं असेल तर प्रमाण बदला. सगळे लहान आकाराचा मोठा माणूस काढतात. नवजात बाळाचं डोकं लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं, मोठ्या माणसात सातवा-आठवा भाग. डोळे डोक्याच्या निम्म्याच्याही खाली, मान जवळजवळ नाहीच. झोपलेलं असताना समोर बसून काढा, फोटोवरनं काढलं की चपटं होतं. नाव, चेहरा, हॉस्पिटल असलं काही स्ट्रिपमध्ये टाकू नका, कार्टूनमधलं बाळ कुणाचंही असू शकतं हीच सोय आहे.

पोस्ट करायचं तर दर सोमवारी वगैरे जाहीर करू नका. पाच-सहा स्ट्रिप तयार झाल्या की मग एकेक सोडा, आणि साठा दोनवर आला की गप्प बसून परत भरा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींच्या वेळी तर काहीच ठरवू नका, ताप आला तर दोन दिवस बाळ खांद्यावरनं उतरत नाही. "पुढचा भाग कधी" विचारणाऱ्यांना एक जुनी स्ट्रिप परत टाकून द्या, निम्म्या लोकांनी ती बघितलेलीच नसते.