हवा बदलली की स्किनकेअर रूटीन कसं बदलायचं

गेल्या महिन्यापर्यंत जे क्रीम चेहऱ्यावर मस्त बसत होतं तेच आता चिकचिक करतंय, किंवा उलट, लावून अर्धा तासही झाला नाही तोवर गाल ओढल्यासारखे वाटतायत, असं होत असेल तर बहुतेक वेळा क्रीममध्ये काही बिघाड नसतो, हवा बदललेली असते. हवा कोरडी झाली की त्वचेतलं पाणी जास्त उडून जातं, आणि गरम नि दमट झाली की घाम आणि तेल चेहऱ्यावर साचून राहतं. त्यासाठी सगळंच नवीन आणायची गरज नाही हे मला मनापासून सांगायचंय, कारण सीझन बदलला की लोक आधी खरेदीला लागतात आणि एकाच आठवड्यात चार नवीन गोष्टी लावून चेहरा लाल करून घेतात. बहुतेकांना दोनच गोष्टी बदलाव्या लागतात, फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. बाकीचं किती वेळा लावायचं तेवढं बदलायचं.

स्टेप १: आधी चेहऱ्याला विचारा

सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने हलकेच टिपा (घासू नका) आणि अर्धा तास काहीही लावू नका. मग आरशात बघा. सगळीकडे ताण जाणवतोय, नाकाच्या कडेला पापुद्रे दिसतायत तर कोरडेपणा वाढलाय. फक्त कपाळ आणि नाक चमकतंय तर तिथे तेल जास्त आहे, गालांचं वेगळं बघायचं. आणि चमकतंय पण खेचल्यासारखंही वाटतंय असं असेल तर नीट लक्ष द्या, कारण इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. त्वचेत तेल आहे पण पाणी कमी पडलंय, आणि लोक मात्र चमक बघून अजून कडक फेसवॉश घेतात. मीपण बरीच वर्षं तेच करत होते, आणि जितकं जास्त धुवायचे तितकी जास्त आग व्हायची.

हे दोनतीन दिवस करून बघा, एका दिवसावर जाऊ नका. आणि फक्त कॅलेंडरवरही जाऊ नका. बाहेर कितीही घाम येत असला तरी दिवसाचे आठ-नऊ तास एसीत बसत असाल तर तुमची त्वचा कोरड्या हवेतच राहतेय, हीटर लावलेल्या खोलीचंही तसंच.

स्टेप २: जे आहे ते बाहेर काढून तपासा

सगळ्या ट्यूब-बाटल्या एकत्र मांडा. मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने ते वापरायचं. उघडल्याची तारीख कोणालाच आठवत नाही, म्हणून आजपासून नवीन काही उघडलं की मार्करने बाटलीवरच तारीख लिहून टाका. व्हिटॅमिन सीचं सीरम गडद केशरी किंवा तपकिरी झालं असेल, क्रीममधून पाणी नि तेल वेगळं झालं असेल, वास बदलला असेल तर ते टाकून द्या. एक्सपायर झालेलं किंवा उन्हात गाडीत पडून राहिलेलं सनस्क्रीन तर अजिबात ठेवू नका.

मागच्या सीझनचं जाड क्रीम मात्र टाकू नका, ते कोपरांना, टाचांना, हातांना कामाला येतं.

स्टेप ३: फेसवॉश

आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे थोडा आम्लधर्मी असतो आणि साध्या साबणाचा ९ ते १०, म्हणून अंगाच्या साबणाने तोंड धुतलं की ते कचकचीत स्वच्छ वाटतं पण त्याच वेळी वरचा संरक्षक थर दुखावतो. कोरड्या दिवसांत कमी फेस येणारा, क्रीमसारखा किंवा दुधासारखा क्लेन्झर घ्या आणि सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं. दमट दिवसांत जेलवाला ठीक आहे, दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यावर एकदा, त्याहून जास्त नको. पाणी कोमट ठेवा. थंडीत कढत पाण्याखाली उभं राहावंसं वाटतं हे मान्य, पण आंघोळ ५ ते १० मिनिटांत आटपा, अंग खाजण्याचं अर्धं कारण तिथेच असतं.

स्टेप ४: मॉइश्चरायझर, आणि हे जरा सविस्तर

सगळा खेळ इथे आहे. मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी असतात. एक पाणी धरून ठेवणाऱ्या, जसं ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, युरिया. दुसऱ्या खडबडीतपणा भरून काढून मऊ करणाऱ्या, म्हणजे वेगवेगळी तेलं, स्क्वालेन वगैरे. तिसऱ्या वरून झाकण घालणाऱ्या, म्हणजे पाणी उडूच नये म्हणून, त्यात पेट्रोलियम जेली सगळ्यात भारी, शिवाय शिया बटर, डायमेथिकोन. याशिवाय सेरामाइड्स, म्हणजे एक प्रकारचे स्निग्ध घटक असतात, ते आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असतात म्हणून थर दुरुस्त व्हायला त्यांची मदत होते.

आता दमट हवेत पहिल्या प्रकारचं हलकं जेल किंवा लोशन पुरतं, पण कोरड्या हवेत नुसतं हायलुरॉनिक सीरम लावून सोडून दिलं तर त्याचा उपयोग फारसा होत नाही, वरून क्रीमचं झाकण हवंच. म्हणून लेबल वाचताना 'फॉर विंटर' असं काय लिहिलंय ते बघण्यापेक्षा या तिन्हीपैकी काय काय आहे ते बघा.

लावायची वेळही तितकीच महत्त्वाची. तोंड धुतल्यावर किंवा आंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत लावा. हे एवढं एक जरी बदललं तरी तेच जुनं लोशन जास्त पुरतं असा माझा अनुभव आहे, त्यामुळे नवीन आणायच्या आधी आठवडाभर हे करून बघा. तरीही गाल कोरडे पडत असतील तर रात्री लोशनवर फक्त तेवढ्याच भागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

आणि तेलकट त्वचेवाल्यांनी उन्हाळ्यात मॉइश्चरायझर बंद करायची घाई करू नका, थर पातळ करा, एक वेळ कमी करा, पण विशेषतः पिंपल्सची औषधं लावत असाल तर पूर्ण सोडू नका, कारण ती औषधं स्वतःच त्वचा कोरडी करतात.

स्टेप ५: रेटिनॉल, अ‍ॅसिड आणि स्क्रब

रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन एचा एक प्रकार, आणि अ‍ॅसिडं नि स्क्रब त्वचेवरच्या मृत पेशी काढतात. हवा कोरडी झाली की हे सगळं लावायच्या वेळा कमी करा. रोज रात्री रेटिनॉल लावत असाल तर आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर या, किंवा आधी मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, मग परत मॉइश्चरायझर असं लावा. ग्लायकोलिक, लॅक्टिक अशी अ‍ॅसिडं त्वचेला उन्हासाठी नाजूक करतात आणि बंद केल्यावरही आठवडाभर तो परिणाम राहू शकतो, म्हणजे कडक उन्हाचे दिवस किंवा भटकंती समोर असेल तर आधीच थांबवा. खरखरीत स्क्रबने पापुद्रे घासून काढायचा मोह होतो, नका करू, पापुद्र्याला ओलावा हवा असतो.

नेहमीचं साधं क्रीमसुद्धा झोंबायला लागलं तर समजा की वरचा थर दुखावलाय, मग एक-दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. गरोदर असाल किंवा तसं प्लॅनिंग चालू असेल तर रेटिनॉल नकोच.

स्टेप ६: सनस्क्रीन कुठल्याच सीझनमध्ये काढायचं नाही

ढग आले म्हणून, थंडी पडली म्हणून लोक ते कपाटात ठेवून देतात, पण यूव्हीए, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचा त्वचेत खोल जाणारा प्रकार, ती किरणं ढगांतूनही येतात आणि खिडकीच्या काचेतूनही. बर्फाच्या जागी जात असाल तर अजून सांभाळा, ताजं बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत फेकतं. एसपीएफ (बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजवणारी किरणं अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, म्हणजे आकड्यावरून भांडण्यापेक्षा नीट भरपूर लावलं का हे बघा: दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तेवढं चेहरा आणि मानेला, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींपासून वाचवणारं घ्या. बदलायचं असेल तर फक्त टेक्सचर बदला, दमट दिवसांत जेल किंवा मॅट आणि कोरड्या दिवसांत क्रीमवालं.

स्टेप ७: एका वेळी एकच बदल

नवीन गोष्ट आधी हाताच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून बघा. खाज, लाली नाही आली तर चेहऱ्यावर घ्या, आणि त्यानंतर दोन आठवडे दुसरं काही नवीन नको, नाहीतर पुरळ आलं तर कशामुळे ते कळणारच नाही. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्तच, त्यामुळे पाच दिवसांत फरक नाही म्हणून बाटली बदलणं चुकीचं आहे.

ओठांना आणि तळहातांना स्वतःच्या तेलग्रंथी जवळपास नसतातच, म्हणून हवा कोरडी व्हायला लागली की चेहऱ्याच्या आधी तेच फुटतात. लिप बाम खिशात ठेवा, ओठ चाटू नका, हात धुतले की लगेच क्रीम.

आणि एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत खाज थांबत नसेल, त्वचा फुटून रक्त येत असेल किंवा चट्टे पसरत असतील तर घरच्या घरी प्रयोग करत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना जे जे लावताय त्या सगळ्यांचे लेबलसकट फोटो काढून न्या.