नळाचा दिवस, बिननळाचा दिवस : धावपळीच्या घरात साधा दिनक्रम कसा बसवावा

इंदूरच्या बहुतेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. १९७८ साली ते पहिल्यांदा शहरात पोहोचलं आणि आजही नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणावं लागतं. त्यामुळे ज्या घरात नोकरी, शाळा, म्हातारी माणसं आणि दोन वेळचा स्वयंपाक हे सगळं एकदम चालू आहे, तिथे खरं तर दोन प्रकारचे दिवस असतात : नळाचा आणि बिननळाचा. पण दिनक्रम बसवायला घेतला की आपण सगळे दिवस सारखेच धरतो. उद्यापासून पाचला उठायचं, अर्धा तास चालायचं, मग योगासनं, मग निवांत चहा, असा कागद तयार होतो. पहिल्याच नळाच्या दिवशी मोटर, टाकी आणि पिण्याचं पाणी यांत तो कागद बाजूला पडतो.

माझं म्हणणं असं आहे की दिनक्रम इच्छेवर उभा करू नये. आपल्याला न विचारता ठरल्या वेळी घडणाऱ्या ज्या गोष्टी घरात आहेत, त्यांच्यावर तो उभा करावा. नळ, कचऱ्याची गाडी, शाळेची व्हॅन, दूधवाला, ऑफिसची बस. या खुंट्या भिंतीत आधीच ठोकलेल्या आहेत, आपण त्यांना कामं अडकवायची. हे कसं करायचं ते पुढे सांगतो. एका आठवड्यात सगळं करायला जाऊ नका. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची घ्या.

१. आधी तीन दिवस नुसतं टिपा

फ्रिजवर एक कागद लावा आणि दोऱ्याने पेन बांधा. काम कोणतं, केव्हा सुरू झालं, केव्हा संपलं, एवढंच लिहायचं. तीन दिवसांत एक नळाचा हवा, एक बिननळाचा आणि एक रविवार. या तीन दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका, एरवी जसं चालतं तसंच चालू द्या.

ही पायरी गाळावीशी वाटते, पण गाळू नये. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं की कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून करतो, मागचा अनुभव बाजूला ठेवतो. ‘डबा काय, वीस मिनिटांत होतो’ असं आपण म्हणतो तेव्हा कणीक मळणं, डब्याचं झाकण शोधणं आणि मधेच दाराची बेल वाजणं त्या विसात धरलेलं नसतं. कागदावर आलं की कळतं. आणि बहुतेक घरांत असं दिसतं की वेळ मोठ्या कामांत जात नाही. किल्ली, मोजे, चार्जर, वहीवर सही यांच्या शोधाशोधीत तो जातो.

२. खुंट्या निवडा, पण तीनच

टिपलेल्या कागदावरून अशा तीन वेळा शोधा ज्या आपल्या हातात नाहीत आणि ज्या जवळपास चुकत नाहीत. एक सकाळची, एक दुपारची किंवा संध्याकाळची, एक रात्रीची. पाच-सहा निवडण्याचा मोह होईल, पण तीनच ठेवा.

आता प्रत्येक खुंटीला एक किंवा दोन कामं अडकवा. वाक्य असं करायचं : ‘अमुक झालं की मी तमुक करीन.’ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा वाक्यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. नुसतं ‘मी व्यायाम करीन’ असं ठरवण्यापेक्षा कधी आणि कुठे हे जोडून ठरवलं, तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. कारण मग तो क्षण आला की पुन्हा ठरवत बसावं लागत नाही.

आपल्या शहरापुरतं बोलायचं तर नळ ही सगळ्यात भक्कम खुंटी. मोटर लावली की टाकी भरेपर्यंत घराबाहेर पडता येत नाही, लांबचं काम काढता येत नाही. हा अडकलेला वेळ चिडचिडीत घालवण्यापेक्षा त्याला काम नेमून द्या. नळाच्या दिवशी : मोटर लावली की मशीनमध्ये कपडे, मग पिण्याचं पाणी गाळून भरणं, मग बाथरूम धुणं. पाण्याची सगळी कामं याच दिवशी. चादरी, पडदे, पायपुसणी, गच्चीवरच्या कुंड्या, सगळी. बिननळाच्या दिवशी तोच वेळ मोकळा असतो. चालायला जाणं, भाजी आणणं, बँक, औषधं ही त्या दिवसाची कामं. रोज चालायचं म्हटलं की होत नाही, बिननळाच्या दिवशी चालायचं म्हटलं की होतं. तुमच्याकडे नळ संध्याकाळी येत असतील तर हीच वाटणी संध्याकाळी करा. आणि ज्यांच्याकडे बोअरिंग आहे, नळाची चिंता नाही, त्यांनी शाळेची व्हॅन किंवा ऑफिसची बस ही खुंटी धरावी.

दुसरी खुंटी कचऱ्याची गाडी. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत सतत वरच्या जागी राहिलं आहे, त्यात दारोदार फिरणाऱ्या या गाडीचा मोठा वाटा आहे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे द्यायचे असतात. गाडीचं गाणं ऐकू आल्यावर वेगळं करायला बसलं तर सकाळची सगळी घाई त्या पाच मिनिटांत येऊन साचते. म्हणून वेगळं करणं रात्रीच्या ओट्याच्या आवरण्याला जोडा आणि गाडीला फक्त बादली नेऊन देणं ठेवा. गाडी गेली की बादली विसळायची आणि हात धुतल्यावर सकाळची गोळी घ्यायची. घरात रक्तदाबाचं किंवा थायरॉइडचं औषध रोज घेणारं कुणी असेल तर असं काहीतरी ठरलेलं हवंच. फक्त थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, तेव्हा ती दूधवाल्याच्या बेलला जोडलेली बरी.

३. रात्रीची पंधरा मिनिटं

सकाळ सुधारायची असेल तर काम रात्री करावं लागतं. सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. एकच काही करायचं असेल तर हेच करा.

लोकमान्य नगरातल्या एका ओळखीच्या घरात हे फार छान चालतं. सून सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत आहे, सकाळी साडेआठला निघते. रात्रीची जेवणं झाली की टीव्ही बंद होतो. नातू दप्तर भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवतो आणि पाण्याची बाटली धुऊन उपडी घालतो. आजोबा भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभे राहून मोठ्याने वाचतात, “अगं, उद्या नळ आहेत हं. आणि गॅसवाला यायचाय.” आतून उत्तर येतं, “हो बाबा, पैसे काढून ठेवलेत, फ्रिजवर बघा.” सून कणीक मळून वरून तेलाचा हात फिरवते आणि डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवते, भाजी चिरून झाकून ठेवते. तिचा नवरा ओटा पुसतो, ओल्या-सुक्याच्या बादल्या वेगळ्या लावतो आणि शेवटी सगळे फोन बैठकीत चार्जिंगला लावतो. झोपायच्या खोलीत एकही फोन जात नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. एकट्या माणसावर पडलं असतं तर तेच तासाभराचं झालं असतं.

यात आणखी पाच मिनिटं घालावीत. उद्याची कामं कागदावर लिहावीत, आणि नेमकी लिहावीत. ‘बँक’ असं न लिहिता ‘बँकेत केवायसीचा फॉर्म द्यायचा, आधारची झेरॉक्स सोबत’ असं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग केला. झोपण्याआधी पाच मिनिटं ज्यांनी पुढची कामं लिहिली, त्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. ज्यांची यादी जास्त नेमकी होती, त्यांना आणखी लवकर. डोक्यात घोळत राहणारी कामं कागदावर उतरली की डोकं मोकळं होतं, हा अनुभव तुम्हालाही पहिल्या दोन-तीन रात्रींतच येईल.

४. सकाळी घड्याळ नको, क्रम हवा

सहा वाजून दहाला हे, सहा वीसला ते, असं वेळापत्रक एकदा चुकलं की पुढचं सगळं चुकतं आणि मन खट्टू होतं. त्याऐवजी क्रम ठरवा : चहा, अंघोळ, डबा, नाश्ता, दप्तर, दार. उशीर झाला तरी क्रम तोच, फक्त प्रत्येक गोष्ट थोडी आटोपती.

नाश्त्याचा प्रश्न आठवड्यासाठी एकदाच सोडवून टाका. सोमवारी उपमा, मंगळवारी थालीपीठ, बुधवारी आदल्या दिवशीची फोडणीची पोळी, असं जे घरात खपतं ते. पावसाळ्यात मक्याची कणसं आली की एक दिवस भुट्ट्याच्या किसाचा. रविवारी पोहे-जिलबी कोपऱ्यावरून आणायची, वरून सेव आणि जीरावण मसाला. त्यात अपराधी वाटून घेऊ नये, ती इथल्या घरांची जुनीच रीत आहे. दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत असेल तर त्या दिवशी दुसरं मोठं काम काढू नका.

५. अर्धवट सोडताना एक ओळ लिहा

ऑफिसात असो की घरी, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी मन थोडा वेळ पहिल्यातच राहतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर काम केलं आहे. उपाय सोपा आहे : उठण्याआधी ‘इथपर्यंत झालं, पुढे हे’ अशी एक ओळ लिहून ठेवा. शिवणकाम करणाऱ्या बाईंनाही ती तेवढीच उपयोगी. फोनवरचे ग्रुपचे निरोप दिवसातून दोनदाच बघा.

६. काम वाटा, त्याची आठवणही वाटा

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत फारसं काही हललेलं नाही. हा फरक तसाच ठेवून बसवलेला दिनक्रम म्हणजे घरातल्या एका बाईचं आणखी चोख राबणं, आणि तसला दिनक्रम मला कुणालाच सुचवायचा नाही.

‘मी मदत करतो’ म्हटल्याने दिवस हलका होत नाही, कारण काय करायचं हे लक्षात ठेवणं तिच्याकडेच राहतं. अख्खं काम द्यावं आणि अख्खं घ्यावं. पाणी ज्याच्याकडे त्याने नळाचा वार लक्षात ठेवायचा, मोटर लावायची, बंद करायची, प्लंबरला फोनही त्यानेच करायचा. औषधं ज्याच्याकडे त्याने संपायच्या आधी आणायची. आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे झाडांना पाणी घालणं पूर्णपणे सोपवता येतं. पहिल्या महिन्यात एखादी कुंडी सुकेल. सुकू द्या, आपण जाऊन पाणी घालू नका.

७. मोडक्या दिवसासाठी लहान दिनक्रम

पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, गावात लग्न निघतं. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, बघायला निम्मं घर बाहेर असतं. अशा दिवसांसाठी तीन ओळींचा वेगळा दिनक्रम आधीच लिहून ठेवा : औषधं वेळेवर, पिण्याचं पाणी भरलेलं, रात्री ओटा मोकळा. एवढं झालं तर दिवस पार पडला असं खुशाल समजावं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला, २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. नवी सवय आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. २१ दिवसांत सवय लागते हे आपण सगळीकडे ऐकतो, ते या अभ्यासात दिसलं नाही. आणि एखाद्या दिवशी चुकलं म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा शेजारच्या काकूंचं महिन्याभरात बसलं आणि आपलं अजून बसत नाही म्हणून सोडून देऊ नका.

८. कागद बदलत ठेवा

रविवारी दहा मिनिटं फ्रिजवरच्या कागदासमोर घरातल्या सगळ्यांनी उभं राहावं. दोन आठवडे जे सलग झालंच नाही ते खोडून टाका, नाहीतर दुसऱ्या खुंटीवर लावा. नवीन एकच गोष्ट घाला, तीही काहीतरी खोडलं असेल तरच. आपल्याकडे शाळेचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, मग उन्हाळ्याची सुट्टी लागते, जूनमध्ये पुन्हा शाळा, आणि जानेवारीत थंडी वाढली की शाळेच्या वेळा पुढे जातात. या प्रत्येक वेळी जुना कागद उतरवून नवा लावा, आणि त्याआधी पुन्हा तीन दिवस टिपून घ्या.