गावाला जाताना कुंड्यांचं काय?

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात हमखास एक वाक्य ऐकू येतं, "आठ-दहा दिवस नाही आहोत हो, झाडांना जरा पाणी घालाल का?" एका वर्षी मीही शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि कोकणात निघून गेलो. काकूंनी रोज, न चुकता, सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घातलं. परत आलो तर मोगरा टवटवीत आणि कोरफड बुडाशी कुजून आडवी. काकूंची काही चूक नव्हती. कोणाला किती पाणी लागतं हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी बादलीतलं पाणी कुंडीत पोचवणाऱ्या सुताच्या वातीवर जास्त विसंबतो, पण तीही आधी घरी असताना वापरून बघितल्याशिवाय नाही.

घरी आहात तोवर

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 38-40 अंशांच्या घरात जातो आणि दुपारची हवा पार कोरडी असते. पानांतून पाणी इतकं भराभर उडतं की माती ओली असूनही जास्वंद दुपारी दोनला माना टाकते. लगेच तांब्या घेऊन धावू नका. संध्याकाळी पानं पुन्हा उभी राहिली तर झाडाला तहान नव्हती, ऊन सोसत नव्हतं. सकाळीच माना पडलेल्या दिसल्या तर मात्र बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर मुळं कुजत असण्याची शंका घ्या. तहान आणि कूज दोन्हींत पानं सारखीच लोंबतात, म्हणून हे बोट खुपसणं टाळू नका.

पाणी सकाळी लवकर, कुंडीच्या बुडातून बाहेर येईपर्यंत द्या. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि तिथेच भाजतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा कडक वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेने सुटून थेट ताटलीत येतं. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढून निथळत ठेवा.

पश्चिमेच्या गॅलरीला हिरवी जाळी लावाच. कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा, आणि मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या पानांचा दोन बोटं थर द्या. आरओचं वाया जाणारं पाणी सरसकट कुंड्यांना घालू नका. त्यात क्षार जास्त असतात, मातीवर पांढरी पुटं धरतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यापेक्षा केव्हाही बरं.

निघायच्या आठ दिवस आधी

खत बंद. कुंडी बदलणंही बंद. खताने नवी कोवळी फूट येते आणि तिलाच सगळ्यात जास्त पाणी लागतं. पानांची खालची बाजू बघा. बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. कोरड्या उन्हात कोळी झपाट्याने वाढतो, आणि तुम्ही नसताना त्याला रान मोकळं. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांडी घासायचा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

मग झाडांचे तीन गट करा. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, कोरफड यांना निघताना माफक पाणी दिलं की पंधरा दिवस विसरा. मनी प्लांट आणि तुळस मोठ्या कुंडीत, सावलीत असतील तर चार-पाच दिवस काढतात. मोगरा, जास्वंद, फर्न, पीस लिली आणि छोट्या कुंडीतलं काहीही, यांचीच सोय करायची आहे.

चार दिवस आधी: वातीची परीक्षा

जुनी सुती नाडी किंवा सुती दोरी घ्या, नायलॉनची नको. ती पूर्ण भिजवून एक टोक मातीत चार बोटं खोल पुरा आणि दुसरं बादलीच्या तळाशी पोचेल असं सोडा. मध्ये झोळ पडू देऊ नका. बादली कुंडीपेक्षा उंच असेल तर पाणी जास्त वेगाने येतं, खाली असेल तर सावकाश. चार दिवस हात न लावता बघा. माती दमट राहिली तर जमलं. चिखल झाला तर बादली खाली करा, कोरडी पडली तर उंच करा किंवा दुसरी वात जोडा. बादलीतलं पाणी किती उतरलं त्यावरून दहा दिवसांचा हिशेब निघतो.

मोठ्या कुंडीसाठी माझी आवडती सोय म्हणजे संक्रांतीची सुगडं. न रंगवलेलं सुगड पाण्याने भरून ठेवा; तासा-दोन तासांनी बाहेरून ओलसर झालं तर ते पाझरतं. ते गळ्यापर्यंत मातीत पुरा, भरा, वर पणती पालथी घाला. दोन-तीन दिवसांची बेगमी होते. जास्त दिवसांसाठी मोठं मडकं हवं, त्याला कसब्यातला कुंभारवाडा आहेच. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती उलटी खुपसण्यावर माझा विश्वास नाही. सैल मातीत ती तासाभरात रिकामी होते, चिकट मातीत भोकच बुजतं.

नळाला टायमर लावून ठिबक करणार असाल तर टाकीला पाणी असेल हे गृहीत धरू नका. उन्हाळ्यात गुरुवारी पाणी बंद असणं पुणेकरांना नवं नाही.

आदल्या दिवशी

कुंड्या उन्हातून काढून उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीजवळ, एकमेकींना खेटून ठेवा. पानांतून उडणारा दमटपणा एकमेकींना उपयोगी पडतो. खिडकी असलेलं न्हाणीघर फर्नला उत्तम. अंधारी खोली कोणालाच नको. सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या तर घराची भट्टी होते, एखादं जाळीचं तावदान उघडं राहू द्या.

ताटल्यांत पाणी भरून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. डेंग्यूच्या डासाची अळी अशाच साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डास होऊन उडते. ताटल्या पुसून पालथ्या घाला. वातीच्या बादलीलाही वात जाईल एवढंच भोक असलेलं झाकण हवं.

तरीही कोणाला किल्ली देणार असाल तर कुंडीवर चिठ्ठी लावा. पाट्या लिहिणं आपल्याला शिकवावं लागत नाही. आमच्या कोरफडीवर आता लिहिलेलं असतं: "मला पाणी नको आहे. आग्रह करू नये." मोगऱ्यावर, "एक दिवसाआड, दोन तांबे."

परत आल्यावर

बॅगा ठेवा आणि आधी बोट मातीत घाला. सुकलेल्या कुंड्या बादलीत बुडवा. सावलीत राहिलेलं झाड एकदम गॅलरीच्या उन्हात नेऊ नका. चार-पाच दिवस फक्त सकाळचं ऊन दाखवा. पंधरा दिवस खत नाही. जास्वंदीची सगळी पानं गळाली असतील तरी उपटू नका. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर वाळलेली टोकं छाटा, बेताने पाणी द्या आणि वळवाच्या सरीची वाट बघा.