फास्टिंग शुगर नॉर्मल आहे ना, मग? इन्शुलिन रेझिस्टन्सच्या या चुका टाळा

‘फास्टिंग ९६ आली, म्हणजे शुगर नाही’ असं म्हणून रिपोर्ट फाइलला लावून टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती ९६ वर ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्शुलिन (साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक) ओतावं लागलं, ते त्यात दिसत नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं, की तेवढ्याच कामाला जास्त इन्शुलिन लागतं; हाच इन्शुलिन रेझिस्टन्स. शंका असेल तर ८ ते १२ तास उपाशी राहून ग्लुकोज आणि इन्शुलिन एकाच रक्तातून तपासा. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागा. ग्लुकोज ९६ (mg/dL) आणि इन्शुलिन १८ (µIU/mL) असेल तर उत्तर ४.२७. साधारण २.५ च्या पुढे गेलं की डॉक्टरांना दाखवावं. आकडा लॅबगणिक हलतो, तेव्हा निदान घरी करू नका. इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हा हिशोब लागू नाही.

स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे झाले की ग्लुकोज आत नीट शिरत नाही. यकृत साखर बनवायची थांबत नाही, वर चरबीही बनवत राहतं. म्हणून ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, हे त्रिकूट बरेचदा एकत्रच सापडतं. थकव्याचं खापर मात्र लगेच यावर फोडू नका; हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडही बघा.

‘मी तर बारीक आहे’ यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये हे छापलं. वजनकाट्यापेक्षा कमर मोजायची टेप बरी, पण पँटच्या पट्ट्यावर नको: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०, त्यापुढे धोका.

साखरेऐवजी गूळ घेतला तरी ती मुख्यतः तीच साखर. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं.

फक्त सकाळी चालून दिवसभर बसणं हीही चूकच. हलणारा स्नायू इन्शुलिनशिवायही ग्लुकोज ओढतो, म्हणून जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजनं हवीत.

आणि ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना मनाने उपास धरू नका. गोळी घेऊन जेवण टाळलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इथे गूळ-साखरेचा वाद घालू नये.