मक्यावरची लष्करी अळी: या चुका टाळा

मूळची अमेरिकेतली ही अळी 2016 मध्ये आफ्रिकेत दिसली आणि मे 2018 मध्ये कर्नाटकात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो. म्हणून ‘आमच्या शिवारात अजून नाही’ यावर विसंबू नका.

आधी ओळख पक्की करा. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ उलटा काढल्यासारखी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर ती हीच.

सगळ्यात महाग पडते ती उशिराची फवारणी. पानांवर मोठी भोकं आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की आपण पंप उचलतो. तोवर अळी मोठी झालेली असते, दिवसभर विष्ठेच्या बुचाखाली बसते आणि औषध वरच्या वर राहतं. आयुष्यभराच्या खाण्यातला बहुतेक वाटा ती शेवटच्या दोन अवस्थांतच उरकते, म्हणजे नुकसानही तेव्हाच होतं. खरी वेळ त्याआधीची: पानं खरवडल्यासारखी, पांढुरके चट्टे. उगवणीपासूनच आठवड्यातून दोनदा शेतात फिरा, पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. शंभरात पाच झाडांवर लक्षणं दिसली तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. केसाळ आवरणातले अंडीपुंज दिसले तर हातानेच चिरडा. एका पुंजात शंभर-दोनशे अंडी असतात. पीक लहान असताना नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना पोंग्यात टाकणंही कामी येतं.

फवारणी संध्याकाळी करा आणि नोझल थेट पोंग्यात धरा. नुसती पानं धुऊन काय मिळणार? एकच औषध सारखं मारलं की अळी त्याला दाद देईनाशी होते.

मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांचाही घोळ होतो. कपाशीवरच्या बोंडअळीचा ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) इथे चालत नाही, याच अळीचा हवा. एकरी पाच सापळे फक्त अंदाज देतात. त्यांत नर अडकतात, अंडी घालणारी मादी मोकळीच.

मक्यावर मका घेत राहिलात तर तिला वर्षभर पंगत मिळते.

चाऱ्याच्या मक्यावर शक्यतो रसायन नकोच. मारलंच, तर लेबलवर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका.